बटवा आवळला तरी तुटत नाही : प्राणीपेशीचे दोन तुकडे नेमके कसे होतात

सूत्री विभाजन शिकवताना फळ्यावरचा सगळा वेळ गुणसूत्रं खातात. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी चार चित्रं होतात, रंगीत खडू संपत येतात आणि घंटा वाजता वाजता एक वाक्य पदरात पडतं: मग पेशीच्या मध्यावर खाच पडते, ती खोल जाते आणि दोन जन्यपेशी तयार होतात. परिकल विभाजनाच्या, म्हणजे पेशीचे प्रत्यक्ष दोन भाग होण्याच्या, वाट्याला एवढंच. खाच पाडतं कोण, ती मधोमधच का पडते आणि ती पूर्ण खोल गेली म्हणजे पेशी तुटली का, हे विचारायला तासात जागाच उरत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवू: नाही तुटत. खाच आत जायला दहा-वीस मिनिटं पुरतात. खरा तुकडा पडायला त्यानंतर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ जातो.

आजीचा बटवा डोळ्यांसमोर आणा. नाडी ओढली की कापड चुण्या पडून गोळा होतं आणि तोंड आवळतं. पण कितीही जोर लावा, मधे बारीकसं भोक राहतंच, आणि बटव्याचे दोन तुकडे तर मुळीच होत नाहीत. पेशीतही नाडी ओढणारे वेगळे आणि गळा कापणारे वेगळे.

घावनाचा लाडू

उदाहरणाला हेला पेशी घेऊ. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात, आणि विभाजनाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंच त्यांच्यावर पाहिलेलं आहे. त्यांचं एक चक्र साधारण २४ तासांचं असतं. शेवटचा तुकडा पडण्याची वाट सोडली तर त्यातलं प्रत्यक्ष विभाजन उरकतं जेमतेम तासाभरात.

एरवी ही पेशी डिशच्या तळाला तव्यावरच्या घावनासारखी पसरून चिकटलेली असते. विभाजनाची वेळ आली की ती पाय काढून घेते आणि घावनाचा लाडू होतो: जवळजवळ गोल, साधारण २० मायक्रोमीटर व्यासाचा. माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. गोल झालेली पेशी तळाला इतकी सैल चिकटलेली असते की डिशच्या बाजूवर टिचक्या मारल्या तरी सुटून वर तरंगते. फक्त विभाजित होणाऱ्या पेशी गोळा करायच्या असतील तर प्रयोगशाळेत हीच युक्ती वापरतात.

गोल होण्याचं काम करते ती प्रद्रव्यपटलाला, म्हणजे पेशीच्या सालीला, आतून लागून असलेली ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी. ती मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाएवढीच जाड असते, पण विभाजनाच्या वेळी चांगली ताठ होते. पुढची खाच याच जाळीत पडते. प्रद्रव्यपटल स्वतः काही ओढत नाही. ते जाळीला चिकटलेलं असतं, जाळी जिकडे जाईल तिकडे जातं.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण अडचण त्यातच आहे. एका गोळ्याचे सारख्या आकाराचे दोन गोळे केले तर आतला ऐवज तेवढाच राहतो, पण साल जास्त लागते. प्रत्येक नव्या गोळ्याची त्रिज्या मूळच्या ०.७९४ पट होते आणि दोघांचं मिळून पृष्ठफळ मूळच्या १.२६ पट भरतं. म्हणजे २६ टक्के जास्त पटल पाहिजे. पटलाचा स्वभाव मात्र रबराचा नाही. तीन-चार टक्क्यांहून जास्त ताणलं की ते फाटायच्या बेतात येतं. मग उरलेलं येतं कुठून? थोडं आधीच जमवलेलं असतं: गोल झालेल्या पेशीच्या अंगावर बारीक घड्या आणि केसांसारखे उंचवटे असतात, ते उलगडतात. बाकीचं पेशीतल्या इवल्या पिशव्या पटलाला येऊन मिळतात त्यातून भरून निघतं. बेडकाच्या अंड्यात हे उघड दिसतं. झेनोपस बेडकाचं अंडं सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतं, फलनानंतर साधारण दीड तासाने त्यावर पहिली खाच पडते, आणि खाचेच्या आतला नवा भाग फिका, बिनरंगाचा दिसतो. बाहेरचा काळसर रंग जुन्या सालीचा.

मधोमध म्हणजे कुठे?

खाच चुकीच्या जागी पडली तर एका पेशीला गुणसूत्रांचे दोन्ही संच आणि दुसरीला एकही नाही, किंवा खाच थेट गुणसूत्रांवरूनच जाणार. म्हणून जागा ठरवणं हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. तो कसा ठरतो हे समजायला काचेची एक गोळी पुरली.

मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट आयलंड प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काम केलेल्या रे रॅपापोर्ट यांनी १९६१ मध्ये सॅन्ड डॉलर या कंटकचर्मी प्राण्याचं फलित अंडं घेतलं आणि त्याच्या मधोमध काचेची बारीक गोळी दाबली. अंड्याचा आकार मेदूवड्यासारखा झाला. तुर्कतंतूंचा, म्हणजे गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणाऱ्या तंतूंचा, सगळा पसारा आता वड्याच्या एका बाजूला होता. पहिलं विभाजन झालं तेव्हा खाच फक्त त्या बाजूला पडली. वडा एका ठिकाणी कापला गेला, पण दोन तुकडे झाले नाहीत. दोन केंद्रकं असलेली घोड्याच्या नालेसारखी एकच पेशी उरली.

खरी गंमत दुसऱ्या विभाजनात आहे. नालेच्या दोन्ही हातांत एकेक केंद्रक विभागलं. दोन्हीकडे तुर्कतंतूंमधून एकेक खाच पडणार हे अपेक्षितच होतं आणि ती पडलीही. पण तिसरी खाच पडली नालेच्या बाकावर, जिथे गुणसूत्र नव्हतं की तुर्कतंतू नव्हते. तिथे होते ते फक्त सूक्ष्मनलिकांचे, म्हणजे ज्यांचे तुर्कतंतू बनतात त्या बारीक नळ्यांचे, झुपके: दोन शेजारच्या तारककेंद्रांमधून (या नळ्या जिथून निघतात त्या जागांतून) किरणांसारखे पसरलेले, एकमेकांसमोर आलेले. शेवटी चार पेशी झाल्या, प्रत्येकीत एक केंद्रक. अर्थ सरळ होता: खाच कुठे पडायची हे गुणसूत्रं सांगत नाहीत, सूक्ष्मनलिका सांगतात.

त्याआधी, १९५६ मध्ये, जपानच्या युकिओ हिरामोतो यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यातून तुर्कतंतूंचा सगळा पसाराच बारीक नळीने ओढून काढला होता. पश्चावस्था सुरू होण्याआधी काढला तर खाच पडली नाही. नंतर काढला तर मात्र आत काही नसतानाही खाच वेळेवर पडली. निरोप पटलापाशी पोचलेला होता. निरोप्याची गरज उरली नव्हती.

निरोप कसला, हे पुढच्या काही दशकांत उलगडलं. गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली गेली की त्यांच्या मधल्या जागेत दोन्ही बाजूंच्या सूक्ष्मनलिकांची टोकं एकमेकांवर चढतात, दोन केरसुण्या टोकाला टोक घुसवून ठेवल्यासारखी. या चढलेल्या भागावर सेन्ट्रलस्पिंडलिन नावाचा प्रथिनांचा संच गोळा होतो. तो ईसीटी-२ या प्रथिनाला खेचून आणतो आणि ईसीटी-२ जवळच्या पटलावर रो-ए नावाचं प्रथिन बटणासारखं चालू करतं. पेशीच्या कमरेभोवती रो-एचा एक अरुंद पट्टा चालू होतो, बाकीचं अंग बंदच राहतं. हेलासारख्या छोट्या पेशीत हा मधला जुडगा निरोपाचा मोठा वाटा उचलतो. मोठ्या अंड्यांत मधल्यापासून पटल फार लांब पडतं, तिथे तारककेंद्रांच्या किरणांवर जास्त भिस्त असते.

वेळेची कडीही इथेच आहे. सायक्लिन-बी आणि सीडीके-१ ही प्रथिनांची जोडी कामावर असेपर्यंत ईसीटी-२ला सेन्ट्रलस्पिंडलिन धरता येत नाही. पश्चावस्था सुरू होताना सायक्लिन-बी मोडीत निघतं, कडी निघते आणि काही मिनिटांतच कंबर बारीक व्हायला लागते. म्हणजे गुणसूत्रं बाजूला व्हायच्या आत नाडी ओढली जाण्याची सोयच ठेवलेली नाही.

नाडी, पण संपत जाणारी

रो-ए चालू झालं की दोन हुकूम सुटतात. एक फॉर्मिन या प्रथिनाला: ॲक्टिनचे नवे, सरळ, लांब धागे विण. दुसरा एका किनेझमार्फत (किनेझ म्हणजे इतर प्रथिनांना चालू-बंद करणारं प्रथिन) मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाला: जागा हो. हा मायोसिन स्नायूतल्या मायोसिनच्या भावकीतलाच. त्याचे दोन-तीन डझन रेणू पाठीला पाठ लावून सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची जुडी बनवतात. जुडीच्या दोन्ही टोकांना हात असतात, आणि ते दोन्हीकडचे ॲक्टिनचे धागे आपल्याकडे ओढतात. ॲक्टिनचा एक धागा फक्त ७ नॅनोमीटर जाड. असे असंख्य धागे कमरेभोवती जमून कडं तयार होतं. स्नायूत हे सगळं कवायतीसारखं रांगेत असतं. कड्यात बाजारातल्या गर्दीसारखं. तरी गोळाबेरीज आकुंचनाचीच येते.

हे कडं पटलाला धरून ठेवतं ॲनिलिन नावाचं प्रथिन. रंगांच्या कारखान्यातल्या ॲनिलिनशी त्याचा संबंध नाही. स्पॅनिशमध्ये अंगठीला आनियो म्हणतात, त्यावरून हे नाव. ॲनिलिन कमी पडलं तर खाच पडते खरी, पण जागेवर ठरत नाही. ती या टोकाकडून त्या टोकाकडे घसरत राहते आणि शेवटी उलगडून जाते.

कडं ओढतं किती जोराने? हेही रॅपापोर्ट यांनीच १९६७ मध्ये मोजलं. विभागणाऱ्या अंड्यात त्यांनी काचेच्या दोन सुया टोचल्या, त्यातली एक लवचीक, आणि खाचेने ती किती वाकवली ते पाहिलं. जोर भरला काही दहा नॅनोन्यूटन, म्हणजे मिठाच्या एका कणाच्या वजनाहूनही कितीतरी कमी. पण पेशीच्या मापाने तो भरपूर आहे.

आता बटव्याची उपमा जिथे तोकडी पडते ती जागा. बटव्याची नाडी ओढली की ओढलेला भाग बाहेर लोंबतो. कड्याला बाहेर काही नाही. मग घेर कमी होताना कडं जाड होत गेलं पाहिजे, आणि शेवटी त्याचीच गाठ होऊन आड आली पाहिजे. थॉमस श्रोडर यांनी १९७२ च्या सुमारास सी-अर्चिनच्या अंड्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काप पाहिले तेव्हा तसं दिसलं नाही. कड्याची जाडी ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर होती आणि खाच खोल गेली तरी तेवढीच राहिली. कडं आवळताना स्वतःला मोडत जातं, सुटलेला माल पेशीद्रव्यात परत जातो. नाडी ओढता ओढता विरघळते म्हणा ना.

यातूनच एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट सुटते. सी. एलेगन्स या जंताचा एकपेशीय भ्रूण सुमारे ५० मायक्रोमीटर लांब आणि ३० मायक्रोमीटर रुंद असतो, आणि त्याचं कडं मिटायला चारेक मिनिटं लागतात. पुढच्या विभाजनांत पेशी लहान लहान होत जातात, पण वेळ जवळपास तेवढाच राहतो. कल्पना करा, बरीच माणसं गोल उभी राहून एक दोर धरून आहेत आणि प्रत्येक जण दर मिनिटाला वीतभर दोर गोळा करतो. शंभर माणसांचा घेर मोठा, पण गोळा करणारे हातही शंभर. दहा माणसांचा घेर लहान, हातही दहाच. दोन्ही घेर एकाच वेळी मिटतात. २००९ मध्ये या भ्रूणांवर मोजमाप झालं ते या हिशोबाशी जुळलं.

कमरेला जोर बसतो तेव्हा दोन्ही टोकांचं काय होतं? आतला दाब वाढतो. टोकांना पटल जाळीपासून सुटून छोटे फुगे येतात आणि मिनिटाभरात मावळतात. चित्रफितीत पेशी उकळतेय असं वाटतं. ही बिघाडाची खूण समजू नका, कुकरच्या शिट्टीसारखी सोय आहे: थोडी वाफ जाते, भांडं टिकतं. टोकांची जाळी दोन्हीकडे सारखी नसेल तर आतला ऐवज एकदा इकडे, एकदा तिकडे हिंदकळतो, खाच जागेवरून हलते आणि कधी कधी विभाजनच फसतं.

नाडी ओढणारा मायोसिनच, याचा थेट पुरावा १९७७ चा. इस्सेई माबुची आणि ओकुनो यांनी तारामाशाच्या विभागणाऱ्या अंड्यात मायोसिनला पकडणारी प्रतिपिंडं टोचली. खाच पडायची थांबली. केंद्रकं मात्र खुशाल विभागत राहिली. आज हेच काम औषधाच्या थेंबाने होतं: ब्लेबिस्टॅटिन मायोसिन बंद करतं, बुरशीपासून मिळणारं सायटोकॅलॅसिन-बी ॲक्टिनचे धागे वाढू देत नाही. प्राण्यांच्या बाहेर डोकावलं तर डिक्टिओस्टेलियम हा अमिबासारखा जीव मायोसिन काढून टाकल्यावरही विभागतो, पण फक्त पृष्ठभागाला चिकटलेला असताना. दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना चालू लागतात आणि मधला भाग ताणून तुटतो. तरंगत ठेवला तर मात्र तो पेशी न तुटता केंद्रकांवर केंद्रकं जमवत बसतो.

नाळ कोण कापतं?

व्यास एक-दीड मायक्रोमीटरवर आला की कडं थांबतं. मधे अडसर आहे: त्या एकमेकांवर चढलेल्या सूक्ष्मनलिकांचा जुडगा आता घट्ट दाबला गेलेला असतो. दोन जन्यपेशींमध्ये एक बारीक नाळ उरते आणि तिच्या मध्यावर मण्यासारखी एक गाठ दिसते. वाल्थर फ्लेमिंग यांनी ती १८९१ मध्येच पाहिली होती, तिला आजही फ्लेमिंग-पिंड म्हणतात. सूत्री विभाजनाला नाव देणारेही तेच.

चित्रफितीत हा टप्पा मजेशीर दिसतो. दोन्ही पेशी पुन्हा पसरून घावन झालेल्या असतात, केंद्रकं तयार, दोघी आपापल्या दिशेने निघालेल्या, आणि मधे ही नाळ ताणलेली. पण निव्वळ ओढून ती सुटत नाही.

कापण्याचं काम एस्कर्ट नावाच्या प्रथिनांकडे असतं. गाठीपाशी सीईपी-५५ हे प्रथिन बसलेलं असतं. ते टीएसजी-१०१ आणि ॲलिक्स यांना बोलावतं, आणि त्यांच्यामागून सीएचएमपी-४बी येतं. हे शेवटचं प्रथिन गोलाकार फिरत जाणारे धागे विणतं, स्प्रिंगसारखे. ते नाळेच्या आतल्या बाजूने पटलाला लागून बसतात आणि गाठीपासून साधारण एक मायक्रोमीटरवर गळा अरुंद करत नेतात. दरम्यान स्पॅस्टिन हे प्रथिन सूक्ष्मनलिकांचे तुकडे पाडून वाट मोकळी करतं. व्हीपीएस-४ ऊर्जा खर्चून त्या धाग्यांची उलथापालथ करतं, आणि गळा मिटतो.

आतल्या बाजूने, हे महत्त्वाचं. पेशी बाहेरचं काही गिळते तेव्हा पटलाची पिशवी आत येते आणि तिच्या गळ्याभोवती बाहेरून दोरी बांधणारी प्रथिनं पेशीद्रव्यात हजर असतात. नाळेची गोष्ट उलटी: पेशीद्रव्य गळ्याच्या आत आहे, बाहेर नुसतं पाणी. तिथे बाहेरून बांधायला कोणी नाही. एचआयव्ही विषाणूला पेशीतून बाहेर पडताना हीच अडचण येते, आणि तो हीच एस्कर्ट प्रथिनं वापरून सुटतो. या प्रथिनांची विषाणूसाठीची चाकरी आधी कळली होती. नाळ कापण्यातला त्यांचा हात २००७ मध्ये उघड झाला.

काप बहुतेक वेळा आधी गाठीच्या एका बाजूला पडतो. मग दुसऱ्या बाजूला पडतो किंवा पडतही नाही. उरलेला मणी एखादी जन्यपेशी गिळते किंवा अंगावर चिकटवून फिरते.

कापण्याआधी एक तपासणी होते. गुणसूत्राचा एखादा धागा नाळेत अडकलेला असेल तर ऑरोरा-बी हे किनेझ कात्रीला थांबवून धरतं. तपासणी बंद पाडली तर अडकलेल्या डीएनएचं नुकसान होतं. आणि नाळ फारच वेळ लटकत राहिली तर खाच मागे सरकते, दोघी पुन्हा एक होतात.

दोन केंद्रकांची पेशी

फसलेलं विभाजन ओळखायला सोपं: एका पेशीत दोन केंद्रकं. माणसाच्या अशा पेशीत ४६ च्या जागी ९२ गुणसूत्रं असतात, पण खरा उपद्रव तारककेंद्रांचा. तीही दुप्पट झालेली असतात. पुढच्या विभाजनाच्या वेळी दोनाऐवजी चार टोकांकडून ओढाओढ होते आणि गुणसूत्रं भलत्याच संख्येने वाटली जातात. २००५ मध्ये उंदरांच्या स्तनातल्या, पी-५३ हे गाठींना आळा घालणारं जनुक नसलेल्या पेशींचं विभाजन शेवटच्या टप्प्यावर मुद्दाम फसवलं, तेव्हा या दुप्पट संचाच्या पेशींपासून उंदरांत गाठी वाढल्या.

शरीर मात्र हा प्रकार काही ठिकाणी जाणूनबुजून करतं. यकृतात आणि हृदयाच्या स्नायूत दोन केंद्रकांच्या पेशी नेहमीच्याच. रक्तबिंबिका तयार करणारी महापेशी नाळेपर्यंत जातच नाही, आत संचांवर संच साठवत जाते, कधी ६४ पर्यंत. शुक्रपेशी तयार होताना नाळ कापलीच जात नाही. ती उघडी ठेवून बहिणी एकमेकींना माल पुरवतात. फळमाशीत अशा १६ पेशींचा गट असतो, त्यातली एक अंडपेशी होते आणि १५ तिला पोसतात.

फसवलेलं विभाजन प्रयोगशाळेत रोजच्या उपयोगाचंही आहे. किरणोत्साराने किंवा रसायनाने गुणसूत्रं तुटली का, हे रक्तावरून तपासायचं तर रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना विभाजनाला उद्युक्त करतात आणि ४४ तासांनी त्यात मिलिलिटरला ६ मायक्रोग्रॅम या हिशोबाने सायटोकॅलॅसिन-बी घालतात. केंद्रक विभागतं, कडं तयार होत नाही. ७२ तासांनी पेशी काचपट्टीवर घेऊन रंगवायच्या आणि नेमक्या दोन केंद्रकांच्या हजार पेशी मोजायच्या. दोन केंद्रकं म्हणजे ही पेशी औषध घातल्यापासून एकदाच विभागली, ना कमी ना जास्त. अशा पेशीत दोन मोठ्या केंद्रकांशेजारी तिसरा बारीक ठिपका दिसला तर तो मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र. ते ठिपके मोजून काढायचे.